रेंजसाठी रिव्हॉल्व्हर: आधी कागद, मग मूठ, मग नेम, आणि शेवटी चाप

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढून टाकली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलंय.)

आजचा भाग अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांसाठी आहे. भारतातल्यांनी ऐकायला काहीच हरकत नाही, पण नियम आणि किमती सगळ्या इकडच्या आहेत. विषय आहे रेंजवर नेमबाजी करण्यासाठी नवीन रिव्हॉल्व्हर घेणं आणि ते आपल्या हाताला बसेल असं करून घेणं.

मी टेक्सासमध्ये राहते, दिवसभर कोड लिहिते आणि महिन्यातून दोनतीनदा रेंजवर जाते. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. हे मुद्दाम सांगतेय, कारण या छंदाची सुरुवात तिथूनच होते. स्वसंरक्षण, कमरेला लावून फिरणं वगैरे आज बोलणार नाही. त्यावर माझा अनुभव नाही. आज फक्त कागदावरचं टार्गेट आणि त्यावर पडणारी भोकं.

एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुरे: क्रम. आधी कायद्याचा कागद, मग मूठ, मग नेम, आणि सगळ्यात शेवटी चाप, म्हणजे ट्रिगर. बहुतेक लोक नेमके उलटे निघतात. दुकानातून आल्या आल्या ट्रिगर हलका करायला घेतात, आणि आपण ही वस्तू हातात धरू शकतो का, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आधी कागद

इथे घाई नको. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा गुन्हा आहे. मुद्दा नुसत्या विकत घेण्याचा नाही, बाळगण्याचा आहे. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, विद्यार्थ्यांचा एफ-वन, आणि आई-बाबा ज्यावर येतात तो बी-टू, हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा आहेत. ग्रीन कार्डवाले आणि नागरिक या बंदीत येत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, "विकत कोण घेतंय? रेंजवर तासभर भाड्याने घेऊ, चार गोळ्या झाडू, फोटो काढू." कायद्याच्या दृष्टीने भाड्याची बंदूक हातात घेणं हेसुद्धा बाळगणंच. ही कल्पनेतली भीती नाही. २०१९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात रेहाईफ खटल्याचा निकाल लागला. संयुक्त अरब अमिरातीचा नागरिक असलेला हा मुलगा विद्यार्थी व्हिसावर आला होता. मार्क कमी पडले म्हणून विद्यापीठाने त्याला काढलं, त्यामुळे त्याचं कायदेशीर स्टेटसच गेलं. नंतर तो फायरिंग रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला. एवढंच. त्यावरून खटला झाला आणि १८ महिन्यांची शिक्षा झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ती फिरवली. पण का फिरवली ते नीट ऐका. न्यायालय असं म्हणालं की आरोपीला आपलं स्टेटस माहीत होतं हे सरकारने सिद्ध करायला हवं. रेंजवर गेलं तर चालतं, असं न्यायालय कुठेही म्हणालेलं नाही. आणि आपण एच-वन-बीवर आहोत हे आपल्याला माहीत नव्हतं, असं आपल्यापैकी कोण म्हणू शकेल? आपल्याला तर आय-नाइन्टीफोरची तारीख स्वतःच्या वाढदिवसासारखी पाठ असते!

शिक्षेची कमाल मर्यादा आता १५ वर्षं आहे. शिवाय बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं की देशाबाहेर पाठवण्याची तरतूद इमिग्रेशन कायद्यात वेगळी आहे, आणि ती ग्रीन कार्डवाल्यांनाही लागू होते. म्हणजे दहा वर्षं रांगेत उभं राहून मिळवलेलं सगळं एका शनिवारच्या दुपारी पणाला लागू शकतं.

यात अपवाद आहेत. सगळ्यात जास्त वापरला जाणारा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. तो असेल तर संघीय बंदी लागू होत नाही. पण राज्याचे नियम वेगळे असू शकतात. म्हणून व्हिसावर असाल तर माझ्या, मित्राच्या किंवा दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे, ईएडी हातात आलंय, तरी तेच. ईएडी म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे.

यातूनच निघणाऱ्या तीन गोष्टी सांगते.

एक. "तू नावावर घे, पैसे मी देतो" हे मित्रासाठी कधीही करायचं नाही. दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो, आणि खरा खरेदीदार तुम्हीच आहात का, हा प्रश्न त्यात सरळ विचारलेला असतो. तिथे खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

दोन. उन्हाळ्यात आई-बाबा आले की त्यांना रेंज दाखवायची हौस येते. काचेमागून दाखवा. बाबांच्या हातात देऊ नका, फोटोपुरतीसुद्धा नाही.

तीन. घरात व्हिसावरचं कोणी राहत असेल तर तिजोरीची किल्ली किंवा कोड फक्त तुमच्याकडे हवा.

राज्यांचं म्हणाल तर फरक खूप आहे. टेक्सासमध्ये खरेदीसाठी राज्याचा वेगळा परवाना लागत नाही. न्यू जर्सीत प्रत्येक हॅन्डगनसाठी पोलिसांकडून स्वतंत्र खरेदी परवाना काढावा लागतो. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड लागतं. कॅलिफोर्नियात सुरक्षा प्रमाणपत्राची परीक्षा, १० दिवसांची वाट, आणि दुकानातून नवीन घेताना राज्याच्या यादीत असलेलंच मॉडेल. परवानाधारक दुकानातून हॅन्डगन घ्यायला सगळीकडेच किमान २१ वर्षं वय लागतं. फॉर्म भरला की पार्श्वभूमी तपासणी होते आणि उत्तर बहुतेकदा काही मिनिटांत येतं.

कुठलं घ्यायचं?

कागद झाला. आता वस्तू. रेंजवर पिस्तूल सोडून रिव्हॉल्व्हर का? मला त्याचं यंत्र आवडतं. सगळं डोळ्यांसमोर घडतं: चाप ओढला की सिलिंडर फिरतो, घोडा मागे जातो आणि सुटतो. सिलिंडर उघडला की आत काय आहे ते एका नजरेत दिसतं. सॅम्युअल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत पेटंट घेतलं, त्यानंतर बारीकसारीक सुधारणा खूप झाल्या, पण मूळ कल्पना तीच आहे.

रेंजसाठी माझी शिफारस साधी आहे: .३५७ मॅग्नमचं, पूर्ण आकाराचं, स्टीलचं रिव्हॉल्व्हर, ४ ते ६ इंची नळी, आणि मागची साईट फिरवून जुळवता येणारी. स्मिथ अँड वेसनचं ६८६ आणि रुगरचं जीपी-१०० ही या वर्गातली जुनीजाणती नावं. कोल्टचं पायथन २०२० साली पुन्हा बाजारात आलं, पण त्याची किंमत वरची आहे. पहिल्या दोघांसाठी साधारण ८०० ते १००० डॉलर धरून चाला.

आणि मॅग्नम घेऊन झाडायचं काय? .३८ स्पेशल! .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल गोळी बिनदिक्कत चालते. नावावर जाऊ नका, दोन्ही गोळ्यांचा व्यास जवळजवळ सारखाच आहे, .३५७ इंच. मॅग्नमचं काडतूस फक्त इंचाच्या दहाव्या हिश्शाहून थोडं जास्त लांब आहे. ते मुद्दाम तसं केलेलं आहे, म्हणजे मॅग्नम चुकून .३८ च्या कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जाऊ नये. म्हणून उलटं कधीच करायचं नाही. .३८ स्वस्त पडते आणि धक्का कमी देते. ४० औंस, म्हणजे सव्वा किलोला थोडंसं कमी, अशा वजनाच्या रिव्हॉल्व्हरमधून ती झाडली की मनगटाला फारसं कळतही नाही. हलकं, खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर दुकानात गोड दिसतं, पण रेंजवर पन्नासाव्या गोळीला हात झिणझिण्या मारतो. रेंजसाठी वजन हा गुण आहे.

एक देखभालीची गोष्ट. .३८ भरपूर झाडल्या की सिलिंडरच्या भोकांत काजळीचं कडं धरतं, आणि मग लांब मॅग्नम नीट बसत नाही. ब्रशने वेळच्या वेळी साफ करा.

दुकानात काय बघायचं

नवीन असलं तरी बघून घ्या. आधी विचारा, "सिलिंडर उघडून बघू का? रिकामं ट्रिगर ओढून बघू का?" परवानगी मिळाल्यावरच करा.

सिलिंडर बंद करून हलकेच हलवा. किंचित खेळ चालतो, खुळखुळ नको. घोडा हाताने सावकाश मागे घ्या. तो अडकण्याआधी किंवा अडकताक्षणी सिलिंडर आपल्या जागी कुलूपबंद व्हायला हवा. हे सहाही भोकांसाठी करा. याला टायमिंग म्हणतात. ते चुकलं तर भोक आणि नळी एका रेषेत येत नाहीत. नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट उजेडासमोर धरून बघा. ती सगळीकडे सारखी, आणि इंचाच्या चार ते आठ हजारांशाच्या आसपास असावी.

ही फट कायम लक्षात ठेवा. गोळी सुटताना तिथून तापलेला वायू जोरात बाजूला फेकला जातो. पिस्तुलाची सवय असलेले लोक डावा अंगठा पुढे ठेवतात. रिव्हॉल्व्हरवर तसा ठेवला तर बोट भाजेल, फाटेल. अंगठे सिलिंडरच्या मागेच.

पहिला बदल: मूठ

आता कस्टमाइज करणं. मी एका नियमाने चालते: काहीही बदलायच्या आधी १०० गोळ्या जशाच्या तशा झाडायच्या आणि टार्गेटचे कागद तारीख घालून जपून ठेवायचे. मग एका वेळी एकच बदल. कोड लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर कशामुळे सुधारलं आणि कशामुळे बिघडलं ते कधीच कळत नाही.

पहिला बदल मुठीचा, कारण हात तिथे लागतो. स्वस्त आहे, दहा मिनिटांत होतो, परत मूळचं बसवता येतं. माझा हात लहान आहे, म्हणून हा भाग मी जरा रेंगाळून सांगते.

मूठ पकडा. मनगट, हाताचं हाड आणि नळी एका सरळ रेषेत ठेवा. आता तर्जनी चापापर्यंत कशी पोचते? सिंगल ॲक्शनमध्ये, म्हणजे घोडा आधीच मागे घेतलेला असताना, बोटाचं पेर चापावर आलं तरी पुरतं. डबल ॲक्शनमध्ये चाप लांब आणि जड असतो, तिथे पहिल्या सांध्यापर्यंत बोट आत लागतं. पोचायला मूठ हातात फिरवावी लागत असेल तर मूठ तुमच्यासाठी मोठी आहे. मग धक्का तळव्याऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर बसतो आणि गोळ्या एका बाजूला जातात.

इथे एक देवघेव आहे. काही रबरी मुठी मागचा स्टीलचा कणा पूर्ण झाकतात. धक्का मऊ होतो, पण चाप तेवढा दूर जातो. काही मुठी कणा उघडा ठेवतात. त्यात धक्का थोडा टोचतो, पण चाप जवळ येतो. लहान हात आणि .३८ गोळी असेल तर उघड्या कण्याची मूठ घ्या. मोठा हात आणि मॅग्नमची हौस असेल तर झाकलेली. होग, पॅकमायर, अल्टामॉन्ट यांच्याकडे रबर आणि लाकूड दोन्ही मिळतात. लाकडी मूठ सुंदर दिसते यात वाद नाही, पण ऑनलाइन फोटो बघून घेऊ नका. शक्य असेल तर कोणाची तरी हातात धरून बघा.

दुसरा बदल: नेम

मूठ बसली की साईट. बहुतेक रेंज रिव्हॉल्व्हरची मागची साईट स्क्रूने वरखाली आणि डावीउजवीकडे फिरते. नियम सोपा: गोळी जिकडे जायला हवी, तिकडे मागची साईट सरकवा. गोळ्या डावीकडे पडतायत, तर साईट उजवीकडे. पुढची साईट बदलायची असेल तर बरोबर उलटं.

पण स्क्रूला हात लावायच्या आधी टेकू घेऊन, सँडबॅगवर हात ठेवून, पाच-पाच गोळ्यांचे तीन गट झाडा. गट घट्ट आहे पण जागा चुकली आहे, तर साईट फिरवा. गटच पसरलेला असेल तर साईटचा दोष नाही, तो हाताचा आहे.

थोडं गणित करूया. पुढच्या आणि मागच्या साईटमधलं अंतर साधारण ६ इंच धरा. टार्गेट १५ यार्डांवर, म्हणजे ५४० इंचांवर. ५४० भागिले ६ म्हणजे ९०. तुमच्या साईटच्या जुळणीत इंचाच्या शंभराव्या भागाची चूक झाली, तर टार्गेटवर ती ०.९ इंच होते. नळी लांब घेतली आणि अंतर ८ इंच झालं, तर तीच चूक ०.७ इंचाच्या आत राहते. लांब नळी बरी वाटते ती मुख्यतः यामुळे. नळीत जादू नसते, तुमची चूक कमी पटीने मोठी होते एवढंच.

आणखी एक गंमत. जड गोळी बहुतेकदा हलक्या गोळीपेक्षा वर लागते. ती सावकाश जाते, नळीत जास्त वेळ राहते, आणि तोवर धक्क्याने नळीचं तोंड वर उचललं गेलेलं असतं. म्हणून एकच गोळी ठरवा, १३० किंवा १५८ ग्रेन, काहीही, आणि साईट तिच्यासाठीच जुळवा.

पुढच्या साईटला रंग देणं किंवा फायबर ऑप्टिकची चमकती कांडी लावणं हा डोळ्यांचा प्रश्न आहे. दिवसभर स्क्रीन बघणाऱ्या डोळ्यांना काळ्यावर काळं दिसत नाही. मला लाल रंग मानवला.

सगळ्यात शेवटी चाप

आता जिथे सगळ्यांना सुरुवात करायची असते ती जागा. नवीन रिव्हॉल्व्हरचा डबल ॲक्शन चाप १० ते १२ पौंडांच्या आसपास असतो, सिंगल ॲक्शन ४ च्या आसपास. १२ पौंड म्हणजे साडेपाच किलो. एका बोटाने. साहजिकच वाटतं की स्प्रिंग बदलावी.

पण ती मुख्य स्प्रिंग दोन कामं करते. तुमच्या बोटाला जड लागते ती तीच, आणि घोड्याला काडतुसाच्या टोपीवर आपटण्याची ताकद देते तीही तीच. हलकी केली की बोट खूश, पण टोपी पेटत नाही. नुसता टक् असा आवाज येतो. स्मिथच्या काही मॉडेलमध्ये मुठीखाली एक स्क्रू असतो, तो सैल केला की चाप हलका लागतो, म्हणून लोक तो सैल करतात. हा शॉर्टकट वापरू नका. तो स्क्रू पूर्ण घट्ट असण्यासाठीच आहे.

चाप गुळगुळीत असणं हे हलका असण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. ११ पौंडांचा पण एकसारखा सरकणारा चाप, ८ पौंडांच्या अडखळणाऱ्या चापापेक्षा चांगला गट देतो. आणि गुळगुळीतपणा बराचसा फुकट मिळतो: रिकामा सराव. खोलीत एकही गोळी नको, सिलिंडर दोनदा तपासलेला, समोर भक्कम भिंत, आत स्नॅप कॅप म्हणजे खोटी काडतुसं. रोज ५० वेळा सावकाश. सहा महिन्यांत यंत्राचे भाग एकमेकांना सरावतात आणि तुमचं बोट त्याहून जास्त. (.२२ च्या रिमफायरवर मात्र रिकामा चाप ओढू नका, पिन भोकाच्या कडेवर आपटते.)

त्यानंतरही हवं असेल तर चांगल्या गनस्मिथकडे द्या. पॉलिश आणि स्प्रिंग दोन्ही एकत्र करायचं काम आहे, यूट्यूब बघून किचनच्या टेबलावर करायचं नव्हे. परत आल्यावर तुमच्याच गोळीच्या १०० फैरी डबल ॲक्शनमध्ये झाडा. एकही चुकता कामा नये.

रेंजवर आणि घरी

चार नियम पाठच हवेत: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे नष्ट व्हायला नको त्यावर नळी रोखू नका, नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि टार्गेटच्या मागे काय आहे ते ओळखा.

टक् झालं आणि गोळी सुटली नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, कधीकधी ती उशिरा पेटते. आवाज फुसका आला, धक्का जाणवला नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुटते. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही लावा; बंद रेंजवर आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो. घरी आल्यावर साबण आणि थंड पाण्याने हात धुवा, कपडे वेगळे टाका, मगच मुलांना उचला. शिसं अंगावर येतं.

खंडेनवमीला काही घरांत पाटावर रिव्हॉल्व्हरही मांडतात. मांडा, पण सिलिंडर उघडा, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात, आणि हळदकुंकू वाहून झालं की लगेच तिजोरीत. आलेल्या पाहुण्यांपैकी अर्धे व्हिसावर असतील. "बघू जरा" म्हणून हात पुढे आला तर हसून नाही म्हणा.

आणि रेंजची बॅग ही फक्त रेंजची बॅग. ती भारताच्या प्रवासाला कधीच न्यायची नाही. तिच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली चौकशी होते. "चुकून राहिलं" हे न्यायालय कदाचित मान्य करेल, पण तोवर लग्नाची तारीख उलटून गेलेली असते.

खर्चाचं शेवटचं सांगते. .३८ ची ५० गोळ्यांची पेटी साधारण २५ ते ३० डॉलरला पडते. म्हणजे ट्रिगरच्या कामासाठी बाजूला काढलेल्या १५० डॉलरमध्ये पाच-सहा पेट्या येतात, अडीचशे-तीनशे गोळ्या. पहिल्या वर्षी ते पैसे गोळ्यांवर घाला. मग पहिल्या दिवशीचा तारीख घातलेला कागद आणि आजचा कागद शेजारी ठेवून बघा. स्प्रिंग बदलायची की नाही, ते तेव्हा ठरवा.

प्रश्न असतील तर पाठवा. मात्र व्हिसाचे प्रश्न मला नाही, वकिलाला. भेटू पुढच्या भागात!